तिसऱ्या उन्हाळ्यानंतरची मोजणी

२०१७ च्या जुलैमध्ये राज्यभर ४ कोटी झाडे लावण्याची मोहीम होती, तेव्हा आमच्या गावालाही रोपे आली आणि त्यांतली ६० रोपे मी आमच्या बांधावर लावली. कडुनिंब, करंज आणि चिंच. दसऱ्यानंतर मी आणि माझे यजमान नेहमीप्रमाणे ऊसतोडीला गेलो आणि एप्रिलमध्ये परत आलो, तेव्हा त्या ६० पैकी ४ झाडे जिवंत होती. ज्या दिवशी रोपे लावली त्या दिवशी गावात फोटो काढले गेले होते. एप्रिलमध्ये मोजायला मात्र मी एकटीच होते. त्या मोजणीपासून पुढे काय घडले, ते मी येथे क्रमाने लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या कोरडवाहू कुटुंबांना झाडे लावायला सांगणारे पुष्कळ भेटतात, पण लावलेले झाड दोन-तीन उन्हाळे कसे काढते, हे सांगणारे फार थोडे असतात.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरमाथ्यावर आहे. जमीन साडेतीन एकर, तीही मुरमाड आणि उताराची; वरची माती एक वीतभर, त्याखाली मुरूम. विहीर आहे, पण ती संक्रांतीनंतर तळ दाखवते. पावसावर बाजरी, तूर, मूग, मटकी आणि बरे साल असेल तर थोडी रब्बी ज्वारी, एवढेच पीक. त्यावर वर्ष निघत नाही, म्हणून आमच्या शिवारातली निम्मी घरे मुकादमाकडून, म्हणजे तोडणीच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन साखर कारखान्यावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मी पदवीपर्यंत शिकले आहे, तरी लग्नानंतर सात हंगाम मी मोळ्या बांधल्या आहेत.

त्या चार जगलेल्या झाडांकडे मी नीट पाहिले. दोन झाडे वेड्या बाभळीच्या जाळीत होती, जिथे शेळीचे तोंड पोहोचत नव्हते. एक बांधाच्या खालच्या अंगाला होते, जिथे पावसाचे पाणी साचून मुरत असे. चौथे गोठ्याजवळ होते. माझे सासरे, ज्यांना सगळे गाव अण्णा म्हणते, ते तिथे हात-पाय धूत असत. मेलेली काही रोपे मी उपटून पाहिली, तर त्यांची मुळी पिशवीच्या तळाशी जशी वळलेली होती तशीच, गुंडाळी करून बसलेली होती. ती खाली गेलीच नव्हती. माझे खरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले, असे मला वाटते. शेळीपासून राखण, पाणी मुरण्याची जागा, सरळ खाली जाणारी मुळी आणि जवळ असणारा माणूस, या चार गोष्टी त्या बांधानेच मला दाखवल्या.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, पाऊस मध्येच तुटला आणि ऑक्टोबरअखेर राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात आमचे दोन्ही बैल आणि गाय चारा छावणीत होती. जवळच्या छावणीत मोठीच जनावरे घेत होते, त्यामुळे शेळ्यांना जागा नव्हती. अण्णांनी अकरापैकी आठ शेळ्या पडेल त्या भावाने विकल्या. त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, सुकडी खाऊन पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली आहे, आणि तरी ते मला म्हणाले, "पोरी, बहात्तरला धान्य नव्हतं, पण बांधाला बाभळी होत्या. शेंगा झोडून शेळ्या जगवल्या आम्ही." त्यांच्या सांगण्यानुसार आमच्या चारही बांधांना रामकाठी बाभळी होत्या. ही बाभूळ खराट्यासारखी सरळ वर जाते, पसरत नाही, म्हणून पिकावर तिची सावली कमी पडते. औताला, गाडीच्या चाकाला तिचेच लाकूड. पुढे घरातल्या लग्नांसाठी आणि आजारपणांसाठी एकेक करून ती झाडे वखारीत गेली, आणि लोखंडी औते आल्यावर पुन्हा लावण्याचे कोणाला सुचले नाही. कृषिवानिकी, म्हणजे शेतातच पिकांबरोबर झाडे वाढवणे, हा शब्द मी नंतर एका प्रशिक्षणात ऐकला. २०१४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय धोरण केले, हेही तिथेच कळले. ते सगळे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर अण्णांच्या बाभळीच होत्या.

आमचे काम सुरू झाले ते टाळेबंदीत. २०२० च्या मार्चमध्ये सगळे थांबले तेव्हा आम्ही कारखान्याच्या तळावर कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये, अडकलो होतो. एप्रिलच्या मध्यानंतर ऊसतोड कामगारांना गावी जाण्याची परवानगी मिळाली आणि आम्ही परतलो, पण गावकऱ्यांनी काही दिवस शिवारातच वेगळे राहायला सांगितले. शेतातच राहायचे होते, हाती दुसरे काम नव्हते, आणि रोजगार हमीच्या कामांना तेवढ्यात पुन्हा सुरुवात झाली होती. फळबाग लागवडीसाठी आमचे नाव आधीच्या ग्रामसभेत आराखड्यात घातले होते. सातबारा अण्णांच्या नावावर, जॉबकार्डावर आम्ही तिघे. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. आपल्याच शेतात आपलेच खड्डे खणायचे आणि त्याची मजुरी मिळायची, ही गोष्ट अण्णांना आधी खरी वाटली नाही. पहिले पैसे खात्यावर आले तेव्हाच त्यांनी विश्वास ठेवला.

फळझाड कोणते लावायचे, यावर घरात बराच खल झाला. माझ्या दिरांना डाळिंब हवे होते, पण संक्रांतीनंतर कोरड्या पडणाऱ्या विहिरीवर डाळिंब म्हणजे कर्जाला आमंत्रण, हे त्यांनाही शेवटी पटले. आम्ही सीताफळ घेतले. बालाघाटाच्या डोंगरात ते आपोआप उगवते, हिवाळ्यात पाने गाळून उन्हाळ्यात निजून राहते आणि शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. ज्या गावात मोकाट चराई बंद होणार नाही, त्या गावात हा शेवटचा गुण मी सर्वांत वर मानते. पाच मीटर बाय पाच मीटर अंतराने एका एकरात १६० खड्डे बसले. प्रत्येक खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. वरची एक वीत फावड्याने निघे. त्याखाली पहार आणि टिकाव. तिघांनी मिळून दिवसाला आठ-नऊ खड्डे, त्याहून जास्त होत नसत. वरची माती वेगळी ठेवायची, खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्यायचा, मग तळाला पालापाचोळा, त्यावर कुजलेले शेणखत, सुपर फॉस्फेट आणि ती राखून ठेवलेली वरची माती. खड्ड्याच्या खालच्या अंगाला आम्ही अर्धचंद्राकृती आळे केले, म्हणजे उताराने पळणारे पाणी तिथे थांबेल. हे आळे योजनेच्या मोजमापात नव्हते, पण त्या बांधाखालच्या एका झाडाने ते आम्हाला शिकवले होते.

बांधाची कामे आम्ही योजनेबाहेर, स्वतःच्या हिशेबाने केली. रामकाठी बाभळीचे रोप कुठे मिळेना, तेव्हा अण्णांनी शेजारच्या गावातल्या दोन जुन्या झाडांच्या शेंगा आणून आपल्या शेळ्यांना खाऊ घातल्या. शेळी शेंगा खाते आणि रात्री रवंथ करताना टणक बी तोंडावाटे बाहेर टाकते. पोटात भिजलेले ते बी लवकर उगवते. सकाळी वाडा झाडताना मी ते बी वेचत असे. पहिल्या चांगल्या पावसानंतर दर खुणेवर तीन-तीन बिया टोकल्या आणि त्यांतले एक रोप राखले. अशी ऐंशी ठिकाणे झाली. मधल्या आडव्या बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या दाट लावल्या, कारण त्याचा पाला शेतात कापून टाकला की काही आठवड्यांत कुजतो आणि जमिनीला नत्र मिळते. घराजवळ हादगा, शेळ्यांसाठी.

बांधावरून भावकीत वाद झाला, तो टाळता आला असता. सामाईक बांधावर झाड लावले की उद्या लाकूड कोणाचे आणि आज सावली कोणाच्या पिकावर, हे दोन्ही प्रश्न येतात. चुलत दिरांनी उगवलेली पंधरा रोपे उपटून टाकली. मी रागावले होते, पण अण्णा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि ठरवून आले की झाडे बांधावर न लावता आमच्या हद्दीत पाच फूट आत घ्यायची. मी आधी विचारले असते तर ती पंधरा रोपे वाचली असती. बांधावर झाडे लावू पाहणाऱ्यांना मी आता पहिले हेच सांगते.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, रोपे तरारली, आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा कोयता घेऊन निघालो, कारण उचल आधीच घेतलेली होती. मागे राहिले अण्णा आणि माझी मोठी मुलगी. जाण्यापूर्वी आम्ही प्रत्येक रोपाजवळ, वीतभर अंतरावर, एक मडके गळ्यापर्यंत पुरले होते. तळाला बारीक छिद्र पाडून त्यात चिंधीची वात घातलेली, तोंडावर दगड. कुंभाराने कमी भाजलेली मडकी ३५ रुपयांना एक याप्रमाणे दिली, म्हणजे ५,६०० रुपये झाले, आणि आमच्या घरासाठी ती रक्कम लहान नव्हती. एका मडक्यात सात लिटर पाणी बसते आणि ते आठवडाभर झिरपत राहते. म्हणजे आठवड्याला ११२० लिटर. अण्णा सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा लिटरचे कॅन बांधून पाणी नेत. एका खेपेत ३० लिटर, म्हणजे चार झाडे. आठवड्याला अडतीस खेपा, दिवसाला पाच-सहा. त्या वेळी त्यांचे वय सत्तरच्या पुढे होते.

जानेवारीत त्यांना ताप आला आणि ते बारा दिवस अंथरुणावर होते. मुलगी शाळेचा अभ्यास, स्वयंपाक आणि आजोबांचे औषध पाहत होती. झाडांना पाणी घालणे तिला जमले नाही आणि जमावे अशी अपेक्षाही नव्हती. वरच्या, सर्वांत उथळ मातीच्या ओळींतली २२ झाडे त्या खंडात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत वाळली. मी फोनवर ऐकत होते आणि समोर उसाचा फड होता. जून २०२१ मध्ये मोजणी केली तेव्हा १६० पैकी १२३ झाडे जिवंत होती. कोरडवाहू फळझाडांसाठी योजनेत ७५ टक्के झाडे जिवंत असण्याची अट होती, म्हणजे १२० झाडे. आम्ही त्यापेक्षा तीनच वर होतो. तीन झाडांवर आमचे पुढचे वर्ष तरले.

त्या मोजणीनंतर आम्ही जो निर्णय घेतला, तो या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोठा वाटतो. यजमानांनी एकट्याने, अर्धा कोयता म्हणून, चुलत भावाच्या टोळीत जायचे आणि मी घरी राहायचे. याचा अर्थ उचल निम्म्यावर आली. झाडांच्या संगोपनासाठी योजनेत तीन वर्षे मजुरी होती आणि ती १५ दिवसांत मिळावी असे तेव्हाचा कायदा सांगत होता, पण आमची दुसऱ्या वर्षाची मजुरी चार महिने रखडली आणि त्या काळात मी माझ्या आईकडून पैसे घेतले. रोपाची किंमत, खड्ड्याची मजुरी, खताचा खर्च सगळेजण मांडतात. उन्हाळ्यात गावात राहण्यासाठी कुटुंबाने सोडलेली कमाई मात्र कोणत्याही कागदावर येत नाही, आणि माझ्या मते कोरडवाहू झाडाची खरी किंमत तीच आहे. रखडलेली मजुरी म्हणजे नुसता उशीर नव्हे. ती वेळेवर मिळाली नाही तर बाई पुन्हा फडावर जाते आणि झाड मरते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी एवढी एक गोष्ट कोणी सुधारली, तर आमच्या डोंगरावर किती झाडे उभी राहतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये नांगे, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, भरताना आम्ही विकतची रोपे आणली नाहीत. डोंगरातल्या चांगल्या गराच्या सीताफळांचे बी भिजवून, प्रत्येक रिकाम्या खड्ड्यात चार-चार बिया जागेवरच टोकल्या. महिना-दीड महिन्याने ती उगवली. सुरुवातीला ती आधी लावलेल्या कलमांच्या मानाने फारच लहान दिसत, पण पुढच्या मे महिन्यात कलमे माना टाकत असताना ही बियांची रोपे हिरवी होती; त्यांची मुळी पिशवीत वळलेली नव्हती, ती मुरमाच्या फटींतून खाली गेली होती. आता त्यांतल्या दणकट झाडांवर आम्ही चांगल्या झाडाचे डोळे भरून कलम करून घेतो. बुंध्याभोवती तुरीचे भुसकट आणि त्यावर शेतातलेच चपटे दगड रचले की ओल कितीतरी दिवस टिकते. दगड वेचून बांधावर टाकायचे, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ते परत झाडाशी आणायला अण्णांना थोडे जड गेले.

२०२३ च्या जूनमध्ये, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, १४६ सीताफळे जिवंत होती आणि बाभळी माझ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. त्याच वर्षी खरी परीक्षा झाली. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे बाजरी पोटऱ्यात असताना पाऊस गेला. झाडांमुळे ती वाचली, असे मी लिहिणार नाही, कारण ती वाचली नाही. उलट बाभळीलगतच्या दोन-तीन ओळी इतर ओळींपेक्षा अधिक खुरटल्या, कारण बाभळीची मुळे त्याच ओलीवर होती. तेव्हापासून आम्ही मार्चमध्ये झाडांच्या ओळीपासून थोड्या अंतरावर दोन फूट खोल चर घेऊन शेतात शिरणारी मुळे तोडतो. सीताफळाला त्या वर्षी पहिल्यांदा बऱ्यापैकी फळ धरले होते, पण त्यांतली बरीच फळे दगडासारखी काळी आणि कडक होऊन झाडावरच राहिली. फक्त दोन ओळींमधली तूर, जिथे गिरिपुष्पाचा पाला तीन वर्षे पडत होता, तिने मान टाकली नाही आणि अडीच क्विंटल दिली.

झाडांचा खरा आधार आम्हाला मिळाला तो पुढच्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. गावात पाण्याचा टँकर सुरू होता, कडब्याचा भाव ऐकवत नव्हता. आमच्या नऊ शेळ्या बाभळीच्या शेंगा, हादग्याचा पाला आणि छाटलेल्या डहाळ्यांवर निघाल्या. एकही विकावी लागली नाही. शेंगा झोडण्यासाठी अण्णा स्वतः आकडी घेऊन जात, आम्ही नको म्हटले तरी. सरपणासाठी मला डोंगरात जावे लागले नाही, हाही हिशेब मी धरते, कारण तो माझ्या रोजच्या दोन तासांचा आहे. त्या उन्हाळ्यात सहा सीताफळे गेली, १४० राहिली.

२०२४ चा पाऊस चांगला झाला. ऑक्टोबरमध्ये आम्ही एकूण ३८ क्रेट सीताफळ विकले. फळाचा हंगाम आणि कोयत्याची निघण्याची वेळ जवळजवळ एकच येते, म्हणून यजमान त्या वर्षी टोळीबरोबर गेले नाहीत, फळ संपवून दिवाळीनंतर गेले, आणि मुकादमाने त्यांना उशिरा घेतले हेही आमच्या उचलीचा आकडा लहान झाल्यामुळेच शक्य झाले. पिकपाहणी करताना मी मोबाइलवर बांधावरची झाडेही नोंदवली. अण्णांना ती नोंद दाखवली, तेव्हा त्यांनी प्रत्येक बांधाचे नाव घेऊन मोजणी बरोबर आहे ना, ते पुन्हा विचारले.

मग २०२५ चा सप्टेंबर आला आणि मराठवाड्यावर पावसाने कहर केला. ज्या जमिनीत ओल टिकवण्यासाठी आम्ही पाच वर्षे धडपडलो, तिथे पाणी बाहेर कसे काढावे ते कळेना. पाणी अडवण्यासाठी केलेली आळीच आता बुंध्याशी पाणी धरून बसली. आम्ही भर पावसात ती खालच्या बाजूने फोडली, पण तळाच्या ओळीतली ११ झाडे मुळे कुजून गेली. शेजारच्या शेताचा वरचा बांध वाहून गेला आणि त्यांच्या शेतात नुसता मुरूम उरला. आमचा बाभळींच्या ओळीचा बांध दोन ठिकाणी खचला, पण बाकी उभा राहिला. पाऊस ओसरल्यावर चुलत दीर तो बांध पाहायला आले. बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी विचारले की बाभळीचे बी अजून शिल्लक आहे का.

आता १२९ सीताफळे आहेत आणि ३१ खड्डे रिकामे आहेत. या वेळी आळ्याच्या खालच्या कडेला दगडांची सांडव्यासारखी वाट ठेवली आहे, म्हणजे जास्तीचे पाणी बुंध्याशी न थांबता निघून जाईल. चुलत दिरांच्या बांधासाठी वाड्यातून वेचलेले बी एका डब्यात भरून ठेवले आहे आणि ते कुठे टोकायचे, त्या खुणा अण्णांनी स्वतः चालत जाऊन काठीने केल्या आहेत. चुलत दिरांच्या सूनबाईने मला विचारले की यंदा त्यांच्याकडून कोणी घरी राहावे का. मी तिला माझी वही दिली. तिच्यात पहिल्या वर्षीच्या खेपा, मडक्यांचा खर्च, गेलेली उचल आणि दर जूनची मोजणी लिहिलेली आहे. ती वाचून ते काय ठरवतात, ते या हंगामात कळेल.